कुत्र्याची लूत: आधी वजन, मग औषध

प्रश्न थोडक्यात असा. शेतातल्या घरी राखणीला दीड-दोन वर्षांचा गावठी कुत्रा आहे, अंदाजे पंधरा किलोचा. महिनाभरात कानाच्या कडा, कोपरं आणि पोटावरचे केस गेलेत. रात्रभर खाजवतो, जागोजाग खपल्या धरल्यात. सोबत दोन महिन्यांचं पिल्लू आहे, त्यालाही सुरुवात झालीय. घरातल्या दोघांच्या हातावर बारीक पुरळ उठलंय. शेजारी म्हणतात जळकं ऑईल चोळा. मेडिकलवाल्याने गाई-म्हशींना देतात त्या आयव्हरमेक्टिनची बाटली हातात ठेवलीय. किती एमएल द्यायचं?

एमएलचा आकडा शेवटी येतो. त्याच्या आधी दोन गोष्टी लागतात: लूत कोणती, आणि कुत्र्याचं वजन नेमकं किती. लुतीवर चांगली औषधं भरपूर आहेत आणि ती कामही करतात. कुत्री दगावतात ती बहुधा लुतीने नाही. अंदाजपंचे डोस आणि शेतातली विषारी औषधं यांनी दगावतात.

लूत म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीचा त्वचारोग. ही कीड गोचिडाच्या कुळातली. कुत्र्यात तिचे दोन मुख्य प्रकार, आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

पहिली सारकोप्टिक, म्हणजे आपण जिला खरूज म्हणतो ती. हिची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात, आणि अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण १७ ते २१ दिवस लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळ्या डोसांचं वेळापत्रक त्यावरच बसतं. खाज भयंकर असते, कुत्रं खाणं सोडून खाजवत बसतं. जागा ठरलेल्या: कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचा घोटा, छाती आणि पोटाची खालची बाजू. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते, माणसालाही तात्पुरती लागते.

दुसरी डेमोडेक्टिक. हिची कीड, डेमोडेक्स, केसाच्या मुळाशी राहते. थोड्या संख्येने ती जवळपास प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या अंगावर असतेच. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईचं दूध पिताना ती पिल्लाला मिळते. कुत्र्याची प्रतिकारशक्ती ढासळली की तिची संख्या बेसुमार वाढते आणि केस झडतात. सुरुवात बहुतेकदा डोळ्यांभोवती, ओठांजवळ, पुढच्या पायांवर. जखमेत जंतू शिरेपर्यंत खाज फारशी नसते. ही माणसाला लागत नाही आणि एका मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्याकडेही जात नाही.

तुमच्या वर्णनात खाज जबरदस्त आहे, जागा त्याच आहेत, पिल्लाला लागलीय आणि घरच्यांच्या अंगावर पुरळ आहे. हे सगळं खरजेकडे बोट दाखवतं. घरच्या घरी एक खूण बघता येते. कानाच्या पाळीची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पाच-सहा सेकंद हलकेच चोळा. खरूज असेल तर बहुतेक कुत्री त्याच वेळी मागचा पाय हवेत खाजवल्यासारखा हलवायला लागतात. कान फक्त आतून खराब असेल, आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल, तर ती कानातली वेगळी कीड असते. औषधं बरीचशी तीच, पण कान आधी डॉक्टरकडून साफ करून घ्यावा लागतो.

खात्री हवी असेल तर डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पातं तेलात बुडवून, न खाजवलेल्या ताज्या पुळीच्या जागी खरवडलं तर कीड सापडायची शक्यता वाढते. तरी खरजेत अनेकदा तपासणीत काहीच सापडत नाही, कारण एवढी खाज करायला थोडीच कीड पुरते. म्हणून रिपोर्ट कोरा आला आणि लक्षणं खरजेची असली, तर उपचार करून बघणं हेच शहाणपणाचं. डेमोडेक्सचं उलट आहे. कातडी चिमटीत दाबून थेंबभर रक्त दिसेपर्यंत खोल खरवडलं की ती सहसा सापडतेच. तिथे कोऱ्या रिपोर्टला अर्थ असतो.

गजकर्ण, पिसवांची ॲलर्जी, नुसता जंतुसंसर्ग यांतही केस जातात. गोल चट्टा, मधोमध केस नाहीत आणि खाज कमी, असं असेल तर बुरशीचा संशय घ्या. कमरेवर आणि शेपटीच्या बुडाशीच खाज असेल तर आधी पिसवा शोधा. निदान न करता लुतीचं औषध देत बसलं की दुखणं हाल्याला अन् औषध पखालीला, अशी गत होते.

जळकं ऑईल, रॉकेल आणि फवारणीचं औषध

आधी जळक्या ऑईलचं. लोक ते उगाच लावत नाहीत, त्याने कधीकधी फरक दिसतो. तेलाने खपल्या मऊ होऊन सुटतात, काही कीड गुदमरते. शिवाय पिल्लांमधली डेमोडेक्सची चार-दोन चट्ट्यांची लूत बहुतेक वेळा सहा ते आठ आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे लावलं त्याला श्रेय मिळतं. पण इंजिनातून काढलेल्या तेलात धातूंचे कण आणि जळालेली रसायनं असतात. कुत्रं ते चाटतं, ते पोटात जातं. उलटी झाली तर श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरतं, आणि तिथून होणारा न्युमोनिया जीव घेतो. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात अंगभर तेल माखलेलं कुत्रं आधीच हैराण असतं. रॉकेल आणि टर्पेंटाइन तर कातडी भाजतात.

ऑईल आधीच लावलं असेल तर भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन दोन-तीनदा धुवून काढा. धुताना ते तोंडात-डोळ्यांत जाऊ देऊ नका. उलटी करवू नका, वर सांगितलेलं फुफ्फुसाचं संकट त्यातूनच उभं राहतं.

त्याहून घातक म्हणजे फवारणीचं औषध. कपाशीचा हंगाम असलेल्या घरात मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट यांच्या अर्ध्या बाटल्या पडलेल्या असतात, आणि ‘कीडच मारायचीय ना’ म्हणून ते पाण्यात मिसळून चोळलं जातं. ही औषधं फाटलेल्या, खाजवलेल्या कातडीतून झपाट्याने रक्तात जातात. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, थरथर, आकडी, आणि काही तासांत खेळ खलास. फिनाइल, डांबराच्या गोळ्या, तंबाखूचं पाणी, कापूर यांनाही हात लावू नका.

करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल, खोबरेल तेलात मिसळून, खपल्या मऊ करायला वापरलं तर थोडं चालेल. त्यावर कीड मरेल अशी भिस्त ठेवू नका.

आयव्हरमेक्टिनचा हिशेब

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. जनावरांसाठीचं साधं आयव्हरमेक्टिन १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मि.ली. मध्ये १० मि.ग्रॅ. गाईचा डोस ५० किलोला १ मि.ली. आहे, कारण तिथे किलोला ०.२ मि.ग्रॅ. धरतात. कुत्र्याच्या खरजेला साधारण किलोला ०.२ ते ०.४ मि.ग्रॅ. वापरलं जातं. ते कातडीखाली टोचायचं असतं, दर १४ दिवसांनी, दोन ते तीन वेळा. ०.२ ने हिशेब धरला तर १५ किलोच्या कुत्र्याला ३ मि.ग्रॅ. म्हणजे ०.३ मि.ली. तीन किलोच्या पिल्लाला याच हिशेबाने ०.०६ मि.ली. येतात, जे साध्या सिरिंजमध्ये मोजताच येत नाहीत. ‘एक एमएल मारा’ हा गावोगावी चालणारा सल्ला पंधरा किलोच्या कुत्र्याला तिपटीहून जास्त होतो, आणि पिल्लाला सोळा-सतरा पट.

याच नावाची ‘फोर्ट’ बाटलीही मिळते. तिच्यात १ मि.ली. ला ३१.५ मि.ग्रॅ. म्हणजे तिपटीहून जास्त औषध असतं आणि ते अंगात हळूहळू सुटत राहतं. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या वाटतात, म्हणून लेबलवरचा टक्का वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. फोर्ट कुत्र्याला द्यायचीच नाही.

मोजायला इन्शुलिनची सिरिंज सोयीची, पण तिच्यातही घोळ होतो. आपल्याकडची लाल झाकणाची सिरिंज बहुधा ४० युनिटची असते. तिच्यात ०.३ मि.ली. म्हणजे १२ युनिट. १०० युनिटच्या सिरिंजमध्ये तेवढंच औषध ३० युनिटवर येतं. रेघा बघून औषध ओढण्याआधी सिरिंजवर ४० लिहिलंय की १००, हे बघा. माणसांच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या ६ आणि १२ मि.ग्रॅ.च्या असतात. १२ ची अख्खी गोळी १५ किलोच्या कुत्र्याला दिली तर किलोला ०.८ मि.ग्रॅ. होतात, ठरल्या मापाच्या दुप्पट ते चौपट.

वजनाला अंदाज चालत नाही. घरी बाथरूमचा काटा असेल तर आधी एकट्याने उभं राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करा. काटा नसेल तर किराणा दुकानातला किंवा आडतीतला धान्याचा काटा चालतो. लुतीने रोडावलेलं कुत्रं डोळ्यांना भासतं त्यापेक्षा हलकं निघतं. लातूर-उदगीर भागातली पश्मी, कारवानसारखी सडपातळ शिकारी कुत्री उंचीवरून जड वाटतात, तिथे तर हमखास फसगत होते.

आणि हे औषध सगळ्याच कुत्र्यांना चालत नाही. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींमध्ये एमडीआर-वन नावाच्या जनुकात बऱ्याचदा बिघाड असतो. अशा कुत्र्यांत औषध मेंदूत शिरण्याला अडसर राहत नाही, आणि इतर कुत्र्यांना सहज पचणारा डोस त्यांना बेशुद्ध करतो. जर्मन शेफर्डमध्येही काही कुत्र्यांत हा बिघाड सापडतो. तुमचं कुत्रं गावठी असलं तरी आई-बाप कोण ते माहीत नसेल आणि अंगलट शेफर्डसारखी असेल, तर आयव्हरमेक्टिन टाळलेलं बरं. तीन-चार महिन्यांखालच्या पिल्लांना ते देऊच नका. त्यांच्यात औषधाला मेंदूत जाण्यापासून अडवणारी ही आडभिंत पुरती तयार झालेली नसते. रक्तात हृदयकृमीची पिल्लं असतील तर ती एकदम मरून जोराची प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून डॉक्टर आधी रक्ताचा थेंब तपासतात. हे औषध शिरेत कधीही टोचायचं नाही. बुरशीवरचं केटोकोनॅझोल चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने आयव्हरमेक्टिन अंगात साचतं.

एवढं सगळं वाचून टोचायला हात धजावत नसेल तर उत्तमच. ते टोचणं डॉक्टरवर सोडा.

मी निवड कशी करीन

डॉक्टरकडे पोचता येत असेल आणि खर्च झेपत असेल, तर आजघडीला सगळ्यात सोपा मार्ग चघळायच्या गोळीचा. या गटाची तीन नावं इथल्या दुकानांत दिसतात: ब्रेव्हेक्टो म्हणजे फ्लुरालेनर, नेक्सगार्ड म्हणजे अफॉक्सोलेनर, आणि सिम्पॅरिका म्हणजे सारोलेनर. एमडीआर-वनचा बिघाड असलेल्या कुत्र्यांनाही या नेहमीच्या डोसात चालतात. शिवाय गोचीडही मरतात. मराठवाड्यात गोचिडतापाने कुत्री इतकी आजारी पडतात, की हा फायदा वरकड समजू नये.

गोळी वजनाच्या गटाने येते. पंधरा किलोला ब्रेव्हेक्टोची ५०० मि.ग्रॅ.ची (१० ते २० किलो), सिम्पॅरिकाची ४० मि.ग्रॅ.ची (१० ते २० किलो) किंवा नेक्सगार्डची ६८ मि.ग्रॅ.ची (१० ते २५ किलो). सिम्पॅरिका आणि नेक्सगार्ड खरजेला महिन्याच्या अंतराने दोनदा देतात. ब्रेव्हेक्टोचा असर बारा आठवडे टिकतो, म्हणून खरजेला सहसा एकदाच पुरते. ती रिकाम्या पोटी न देता जेवणासोबत द्या, नाहीतर नीट शोषली जात नाही. तीन किलोच्या पिल्लाला सिम्पॅरिका १० मि.ग्रॅ. किंवा नेक्सगार्ड ११.३ मि.ग्रॅ. या आकाराची येते, वय आठ आठवडे पूर्ण हवं. मोठी गोळी आणून चार कुत्र्यांना तुकडे करून वाटणं हा पैसे वाचवायचा नेहमीचा मार्ग आहे, पण कोणत्या तुकड्यात किती औषध गेलं हे कळत नाही. गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी या तिघांत फ्लुरालेनरला तशी मान्यता आहे.

या गटाचं एकच मोठं पथ्य. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ही गोळी नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या सगळ्या गटाबद्दल थरथर, तोल जाणं आणि आकडी यांचा इशारा दिला होता. असं क्वचित होतं, पण आधी फिट आलेली असेल तर डॉक्टरला सांगायलाच हवं.

मानेवर थेंब टाकायचं सेलामेक्टिन हा दुसरा सुरक्षित पर्याय. ते सहा आठवड्यांपुढच्या पिल्लांनाही चालतं आणि महिन्याच्या अंतराने दोनदा टाकतात. टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ घालू नका.

अमिट्राझची आंघोळ

स्वस्त आणि जुना मार्ग अमिट्राझचा. नीट केला तर चांगला चालतो. चूक झाली तर कुत्रं दोन दिवस पडून राहतं. १२.५ टक्क्यांचं द्रावण मिळतं. एक लिटर पाण्याला २ मि.ली. म्हणजे २५० पीपीएम (दहा लाख भागांत २५०), खरजेला एवढं पुरतं. डेमोडेक्सला डॉक्टर कधी ४ मि.ली. पर्यंत नेतात. ते त्यांनी ठरवावं. मध्यम आकाराच्या, आखूड केसांच्या कुत्र्याला तीन-चार लिटर द्रावण लागतं, म्हणजे चार लिटरला ८ मि.ली. झाकणाने मोजू नका, सिरिंजने मोजा.

आदल्या दिवशी केस मशीनने बारीक करून क्लोरहेक्सिडिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या शॅम्पूने आंघोळ घाला. शॅम्पू फेस आल्यावर दहा मिनिटं अंगावर राहू द्या आणि मग धुवा, नाहीतर तो नुसता साबण ठरतो. खपल्या यात सुटतात आणि औषध खालपर्यंत पोचतं. केस लांब ठेवून औषध ओतणं म्हणजे छपरावर पाणी घालून अंगण ओलं व्हायची वाट बघणं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांत मलम घाला. हातमोजे घालून, उघड्यावर, सावलीत स्पंजने सगळ्या अंगाला लावा. केस गेलेली जागाच नको, सगळं अंग लागतं, कारण कीड चांगल्या दिसणाऱ्या कातडीतही असते. बोटांच्या बेचक्या, कानाच्या कडा आणि शेपटीचं टोक हमखास राहून जातं आणि तिथूनच लूत परत येते. नंतर धुवायचं नाही, पुसायचं नाही, वाऱ्यावर वाळू द्यायचं. वाळेपर्यंत चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घाला किंवा लक्ष ठेवायला पोर बसवा. पुढच्या खेपेपर्यंत ओलं होऊ देऊ नका. पावसाळ्यात आणि ओढ्यात लोळणाऱ्या कुत्र्यात हा मार्ग फसतो तो यामुळेच. खेप दर आठवड्याला की पंधरवड्याला, हे डॉक्टर सांगतील, पण तीनपेक्षा कमी खेपांत खरूज संपत नाही.

उघडी, रक्त येणारी जखम असेल तर आधी ती भरू द्या. अमिट्राझने अंग थंड पडतं, नाडी मंदावते आणि रक्तातली साखर वाढते. त्यामुळे थंडीत सकाळी लवकर लावू नका, ऊन चढल्यावर लावा. मे महिन्यात उलट, भल्या सकाळी. मधुमेह झालेलं कुत्रं, चार महिन्यांखालचं पिल्लू, गाभण कुत्री आणि चिवावा ही छोटी जात यांना हे औषध नको. घरात मांजर असेल तर अंग पुरतं वाळेपर्यंत कुत्रं वेगळं ठेवा. ज्या माणसाला दमा किंवा मधुमेह आहे त्याने हे काम करू नये. द्रावण दरवेळी ताजं करा, शिल्लक ठेवलेलं निकामी होतं, आणि उरलेलं हौदात, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नका, मासे मरतात.

दोन औषधं एकदम मात्र चालवू नका. इंजेक्शन दिलं, शिवाय आंघोळ घातली, वर गळ्यात गोचिडाचा पट्टा, अशा सरमिसळीत बिघडलं तर कशाने बिघडलं हे कळतही नाही.

बरं व्हायला किती दिवस

पहिल्या दोन-चार दिवसांत खाज वाढल्यासारखी वाटली तर घाबरू नका, मरणाऱ्या किडीमुळे ती वाढते. आठ-पंधरा दिवसांत ती निम्म्यावर यायला हवी, आणि चार ते सहा आठवड्यांत कातडी साफ होऊन केसांची खुंटं दिसायला हवीत. ‘एक इंजेक्शन मारलं, बरं झालं, महिन्याने परत आलं’ ही तक्रार ऐकू येते त्याचं कारण अंड्यांत आहे. औषध अंड्यांना मारत नाही. १४ दिवसांचा दुसरा डोस चुकला की त्या अंड्यांतून निघालेली कीड वाढते आणि पुन्हा अंडी घालते.

दुसरं कारण शेजारचं कुत्रं. घरातली, गोठ्यातली, सोबत झोपणारी सगळी कुत्री एकाच दिवशी औषधावर घ्या, खाजवत नसली तरी. बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांसोबत कुत्रीही जातात. तिथल्या अड्ड्यांवर दहा ठिकाणची कुत्री एकत्र निजतात आणि मार्च-एप्रिलमध्ये लूत घेऊन गावी परततात. अशा घरी टोळी आल्याबरोबर तपासणी केलेली बरी. थंडीत एकमेकांना चिकटून झोपणाऱ्या कुत्र्यांत खरूज जोरात पसरते.

कुत्र्याच्या अंगाबाहेर ही कीड आपल्या कोरड्या हवेत थोडेच दिवस टिकते, थंडी-ओलाव्यात मात्र जास्त टिकते. बसायचं गोणपाट जाळा किंवा उकळत्या पाण्यातून काढून दोन दिवस कडक उन्हात टाका. कडब्याच्या गंजीखालची आवडती जागा झाडून घ्या आणि पंधरा दिवस तिथे बसू देऊ नका. याहून जास्त काही लागत नाही. घरभर विषारी पावडर फवारायची तर अजिबात गरज नाही.

घरच्यांच्या पुरळाचं: कुत्र्याची खरूज माणसाच्या कातडीत आपलं कुळ वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की एक ते तीन आठवड्यांत पुरळ मावळतं. तोवर कुत्र्याला जवळ घेऊन झोपू नका. त्यानंतरही पुरळ राहिलं, किंवा बोटांच्या बेचक्यांत आणि रात्री खाज वाढत असेल, तर ती माणसाची खरूज असू शकते. मग माणसाच्या डॉक्टरकडे जा.

खाजवून खाजवून कातडीत पू झाला असेल तर नुसती कीड मारून भागत नाही. डॉक्टर सेफॅलेक्सिनसारखं प्रतिजैविक तीन-चार आठवडे देतात. पाच दिवसांत बरं दिसलं म्हणून ते थांबवू नका. आणि खाण्याकडे बघा. ज्वारीची भाकरी आणि ताक यावर कुत्रं जगतं, पण कातडी आणि केस बांधायला प्रथिनं लागतात. रोज एक-दोन उकडलेली अंडी, जमेल तेव्हा कोंबडीचे शिजवलेले तुकडे (शिजवलेली हाडं नकोत), चमचाभर तेल, आणि जंताचं औषध. याने लूत जात नाही, पण केस लवकर येतात.

डेमोडेक्स निघाली तर

तेव्हा सगळं गणित बदलतं. पिल्लाच्या तोंडावर चार-दोन चट्टे असतील तर औषध न देता खाणं सुधारून महिना-दीड महिना वाट बघणं योग्य. अंगभर पसरली असेल तर उपचार तीन-चार महिने चालतात, कधी जास्त. केस आले म्हणजे संपली, असं मानू नका. महिन्याच्या अंतराने दोन खोल खरवडण्या कोऱ्या येईपर्यंत औषध चालूच ठेवायचं असतं. पूर्वी यात रोज आयव्हरमेक्टिन पाजावं लागे. आता गोळीच्या गटाने हे काम फार सोपं झालंय.

इथे एक चूक फार महागात पडते. खाज थांबावी म्हणून दिलेलं स्टेरॉइड. बेटामेथासोन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनने दोन दिवस कुत्रं शांत होतं, आणि मग प्रतिकारशक्ती दबून डेमोडेक्स भडकते. खरजेत डॉक्टर कधी दोन-तीन दिवस देतात, पण निदान झाल्यावर आणि किडीच्या औषधासोबत. मेडिकलमधल्या ‘खाजेच्या इंजेक्शन’मध्ये काय आहे ते विचारा, बहुधा हेच असतं. चार-पाच वर्षांपुढच्या कुत्र्याला डेमोडेक्स पहिल्यांदाच झाली तर आत दुसरा आजार शोधावा लागतो: थायरॉइड, कुशिंग (अंगातच स्टेरॉइड जास्त तयार होण्याचा आजार), गाठ, जुना गोचिडताप. ज्या कुत्रीला अंगभर डेमोडेक्स झाली तिची पिल्लं घेऊ नका, हा कल पिढीत उतरतो. नसबंदी करून टाका.

औषध जास्त झालं तर

आयव्हरमेक्टिन जास्त झालं की बुबुळं मोठी होतात, कुत्रं लडखडतं, भिंतीला धडकतं, लाळ गाळतं, थरथरतं आणि मग बेशुद्ध पडतं. टोचल्यावर हे काही तासांत दिसू शकतं, किंवा दुसऱ्या दिवशीही. यावर थेट उतारा नाही. सलाइन, उब, कूस बदलणं आणि डोळे कोरडे पडू न देणं यावर काही दिवस, कधी आठवडे सांभाळावं लागतं, आणि नीट सांभाळलं तर बरीच कुत्री वाचतात. अमिट्राझने आलेल्या गुंगीला मात्र डॉक्टरकडे उतारा असतो. अंगावरचं औषध धुवून टाका आणि कुत्र्याला उबेत ठेवून घेऊन जा. फवारणीच्या औषधाने लाळ, थरथर सुरू झाली असेल तर मिनिटं मोजायची वेळ आहे. साबणाने अंग धुवा (हातमोजे घालून, नाहीतर तुम्हालाही चढतं), दूध-तूप-मीठ काही पाजू नका, बाटली सोबत घ्या आणि निघा. ॲट्रोपिन हा उतारा वेळेत मिळाला तर कुत्रं वाचतं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर असतात. रस्ता नसेल तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. निदान अडलं, किंवा दोन महिने औषध देऊन फरक नाही, तर परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यात न्या. तिथे खरवडणी, रक्त आणि गरज पडली तर कातडीचा तुकडा तपासता येतो. जाताना आतापर्यंत काय काय लावलं आणि टोचलं, त्याच्या बाटल्या-वेष्टनं घेऊन जा. ‘एक पांढरं इंजेक्शन दिलं होतं’ यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

गल्लीतल्या लूत लागलेल्या कुत्र्याला औषध द्यायचं असेल, तर पकडून टोचण्यापेक्षा खाण्यातून फ्लुरालेनरची एकच गोळी देणं सोयीचं, कारण ते कुत्रं दुसऱ्या डोसाला हाती लागेल याचा भरवसा नसतो. मटणाच्या किंवा अंड्याच्या गोळ्यात घालून एकाच कुत्र्यासमोर टाका आणि गिळेपर्यंत उभं राहा, दोन कुत्र्यांत झटापट झाली तर गोळी नको त्याच्या पोटात जाते. वजन उंचीवरून ठरवताना दोन गटांच्या सीमेवर वाटलं तर खालचा गट घ्या. चावला किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.